नकाशावर विश्वास, पण एकाच बाजूचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

गाव अमळनेर तालुक्यात, नोकरी सुरतला. वडील गेल्यापासून शेती थोरला भाऊ बघतो. तो ग्रामपंचायतीत सदस्यही आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आलो तेव्हा महाभूनकाशावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशावर, आमचा गट उघडला आणि नकाशाचं पीडीएफ उतरवून घेतलं. मित्राने नाला आणि रस्ता जुळवून ते उपग्रह चित्रावर बसवून दिलं. पाहतो तर पूर्वेला चुलतभावाचा बांध आमच्या गटात दहा-बारा फूट आत! त्याला स्क्रीनशॉट दाखवला तर म्हणाला, ‘हाऊ बांध आबाना हातना शे.’ त्याच नकाशात पश्चिमेला, नाल्याच्या अंगाला, आमच्या गटाची रेघ आमच्या वहितीच्या अलीकडेच थांबते. बारा-तेरा फुटांची पट्टी आणि आजोबांनी तगाई (सरकारी शेतीकर्ज) काढून खोदलेल्या विहिरीचा निम्मा भाग शेजारच्या गटात जातो. त्या गटाच्या सातबाऱ्यावर मालक सरकार आहे आणि गुरचरण, म्हणजे गायरान, असा शेरा आहे. विहिरीत चुलतभावाचीही निम्मी पाळी आहे. भाऊ म्हणतो, पश्चिमेचं तोंडातून काढू नकोस. मला पूर्वेचा बांध सरळ करून हवा आहे. हा नकाशा घेऊन तहसीलला गेलो तर काम होईल का? गायरानाचं आपणहून सांगावं लागेल का? की पन्नास वर्षं कसतोय म्हणजे ती पट्टी आमचीच झाली?

उत्तर:

भाऊ,

पूर्वेचा प्रश्न आणि पश्चिमेचा प्रश्न तुम्ही वेगवेगळे विचारलेत, पण दोन्हीकडे साक्षीदार एकच आहे: मित्राने मोबाइलवर बसवलेला तो नकाशा. पूर्वेला तो तुमच्या बाजूने बोलतो, म्हणून तुम्ही त्याला तहसीलदारांपुढे उभं करायला निघालात. पश्चिमेला तोच उलटं बोलतो, तर तुमचे भाऊ म्हणतात त्याचं तोंड दाबा. असा साक्षीदार उलटतपासणीत टिकत नाही. म्हणून चुलतभावाची चौकशी करण्याआधी याचीच करू.

तुमचेच आकडे शेजारी शेजारी ठेवा. पूर्वेला तुमची वहिती नकाशापेक्षा दहा-बारा फूट कमी भरते आणि पश्चिमेला बारा-तेरा फूट जास्त. म्हणजे तुमचं अख्खं शेत नकाशातल्या आकारापेक्षा साधारण बारा फूट पश्चिमेला आहे. हेच उलट्या बाजूने पाहिलं तर नकाशाच बारा फूट पूर्वेला सरकून बसलाय. दोन्ही बाजूंना एकाच मापाचा आणि एकाच दिशेचा फरक पडला की मला आधी संशय येतो तो नकाशाच्या बैठकीचा. चुलतभावाने पूर्वेला बांध कोरला आणि तुमच्या आजोबांनी पश्चिमेला तेवढंच गायरान घेतलं, हेही घडू शकतं. खेड्यात काय घडत नाही? पण ते पहिलं अनुमान असू नये.

हा नकाशा स्क्रीनवर इतका स्वच्छ दिसतो की तो वरून फोटो काढून बनवलाय असं वाटतं. तसं नाही. आपल्याकडची जमीन मुळात साखळीने मोजली गेली. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. मापं टिपणात उतरली, त्यावरून कागदावर नकाशे निघाले. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले, नकाशे पुन्हा आखले गेले. ते कागद वर्षानुवर्षं दप्तरात राहिले, घड्यांवर फाटले, उन्हाळ्या-पावसाळ्यात आकसले-फुगले. केंद्राचा भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००८ साली सुरू झाला, कामाला वेग आला, ते कागद स्कॅन होऊन रेघारेघांनी संगणकात उतरले. एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या) भू-नक्शा प्रणालीवर आज आपण जे महाभूनकाशा पाहतो, त्याच्या पोटात हे सगळं आहे.

यातल्या प्रत्येक पायरीला थोडं थोडं सरकतं. समजा मूळ कागद १:५००० प्रमाणाचा आहे. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर, आठ फुटांहून जास्त. प्रमाण १:१०००० असेल तर सोळा फूट. तुमचा बारा फुटांचा वाद शाईच्या रेघेत मावतो की काय, अशी ही परिस्थिती आहे.

त्यात मित्राची करामत. त्याने नाला आणि रस्ता जुळवून नकाशा बसवला. पोराने डोकं चालवलं, पण खुंटा कच्चा निवडला. जलयुक्त शिवारच्या वर्षांत खानदेशात कितीतरी नाले जेसीबीने खोल झाले, रुंद झाले, त्यांची वळणं सरळ झाली आणि निघालेली माती काठावर पडली. नकाशातला नाला जुना आहे, उपग्रह चित्रातला आत्ताचा. एकावर दुसरा जुळवला की बाकीचं अख्खं गाव त्याच्यामागे ओढलं जातं. गाडरस्त्याचंही तेच, डांबर पडताना तो कुठल्या अंगाला रुंद झाला हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.

घरबसल्या करता येईल अशी एक तपासणी सांगतो. स्वतःच्या गटावरून नजर काढा आणि आजूबाजूचे पाच-सात गट पाहा. शक्यतो ज्यांच्यात कधी भांडण झालेलं नाही असे. त्यांचे बांधही रेघेपासून तसेच बारा फूट पश्चिमेला दिसतात का? मग शिवेवर जा. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड जागेवर असेल तर त्याच्याइतकी भरवशाची खूण नाही. तिथेही तेवढाच फरक निघाला तर प्रकरण मिटलं. नकाशा सरकलाय, तुमच्या घराण्यात कुणी चोर नाही. बाकी सगळे बांध रेघेवर चपखल आणि फक्त तुमच्याच दोन बाजू चुकताहेत असं निघालं, तर मात्र पुढचं सगळं नीट वाचा.

अशा वेळी बरेच जण क्षेत्र मोजून बघतात आणि सातबाऱ्याशी ताडतात. एरवी हा चांगला उपाय आहे. तुमच्या बाबतीत तो निरुपयोगी. पूर्वेला जेवढं गेलं तेवढंच पश्चिमेला आलं असेल तर बेरीज दोन्ही शक्यतांत सारखीच येणार. क्षेत्र बरोबर भरलं म्हणून तुम्ही निश्चिंत होऊ नका आणि चुलतभावाचं क्षेत्र बरोबर भरलं म्हणून त्यालाही होऊ देऊ नका.

तुमच्या बाबतीत खरी बोलकी वस्तू आहे ती विहीर. नकाशातली रेघ तिच्या पोटातून जाते म्हणता. तगाईसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेला माणूस सरकारी हद्दीच्या रेघेवर टिकाव मारील, हे मनाला पटत नाही. तगाई देताना सरकारने जमीन तारण धरलेली असते, तिचा बोजा फेरफाराने सातबाऱ्यावर चढलेला असतो. तो जुना फेरफार शोधा. त्यात विहीर कोणत्या नंबरात आहे हे लिहिलेलं असेल, मात्र तो एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर असू शकतो. म्हणून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशाची नक्कल काढा, सोबत एकत्रीकरणाचे नऊ-तीन, नऊ-चारचे उतारे (जुने नंबर कोणत्या गटात गेले ते त्यांत कळतं) आणि गुणाकार बुकाचा, म्हणजे मापं आणि क्षेत्राच्या हिशेबाच्या वहीचा, उतारा मागा. जुन्या सातबाऱ्याच्या पीकपाहणीत सिंचनाचं साधन म्हणून विहीर दाखवलेली आहे का, तेही बघा. वीजपंपाच्या जोडणीचे कागद घरात ट्रंकेत पडलेले असतील. त्यांवरही गट नंबर असतो.

दुसरी फेरी तलाठ्याकडे. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव अजून तलाठी आप्पाच म्हणतं. त्यांच्याकडे गाव नमुना १-ब म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही असते आणि १-ई म्हणजे अतिक्रमणांची. १-ब मध्ये गायरानाचं क्षेत्र किती लिहिलंय ते पाहा. १-ई मध्ये आजोबांचं किंवा वडिलांचं नाव निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. उलट ती तुमच्या हातातली सर्वांत स्पष्ट माहिती असेल, कारण मग पट्टी कुणाची हा वादच उरत नाही. आणखी एक शक्यता असते, एकसाली लावणीची. नाल्या-नदीकाठचे तुकडे पूर्वी वर्षाच्या कराराने कसायला दिले जात. पावत्या फाटून जातात, वहिवाट तेवढी मागे राहते आणि दोन पिढ्यांनी पोरांना वाटतं की जमीन आपलीच.

आता तुमचा पन्नास वर्षांचा मुद्दा. ‘बारा वर्षं कसली की जमीन आपली’ हे वाक्य धुळ्यापासून रावेरपर्यंत कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. ते अर्धवट आहे. बारा वर्षांची मुदत खासगी मालकाविरुद्धची आहे. सरकारविरुद्ध १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात तीस वर्षं आहेत. नुसती वर्षं मोजून भागतही नाही. मालकाच्या हक्काला उघड नकार देऊन, अखंड, सगळ्यांना दिसेल असा ताबा होता हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं. ‘आम्हाला ती आपलीच वाटत होती’ असं तुम्ही तिथे म्हणाल. त्या वाक्यानेच उघड नकाराची बाजू लंगडी होते. गायरानाच्या बाबतीत वाट आणखी अरुंद आहे. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याची योजना राज्यांनी करावी असं बजावलं आणि त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या राज्याने तसा शासन निर्णय काढला. पूर्वी काही अतिक्रमणं नियमित झाली हे खरं, पण तो विचार मुख्यतः भूमिहीनांसाठी होता. स्वतःच्या शेताचा सातबारा हातात घेऊन तुम्ही त्या रांगेत उभे राहू शकत नाही, आणि राहूही नये असं माझं मत आहे.

‘तोंडातून काढू नकोस’ या सल्ल्याबद्दल. तुमच्या भावाची भीती मला कळते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) नुसार सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य राहू शकत नाही. अतिक्रमण मी नाही, सासऱ्यांनी-नवऱ्याने केलं होतं, हा बचाव २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनाबाई प्रकरणात मानला नाही. आजोबांची विहीर आहे, माझा काय संबंध, असं सांगून तुमच्या भावाला सुटता येईलच असं नाही. पण त्यांचा उपाय चुकीचा आहे. महाभूनकाशा उघडायला पासवर्ड लागत नाही. तुम्ही जो स्क्रीनशॉट काढलात तो समोरच्या पॅनेलचा कुणीही पोरगा चहा पिता पिता काढू शकतो. पूर्वी गायरान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे तलाठ्याच्या दप्तरात असायचं आणि दप्तर उघडायला ओळख लागायची. आता मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारा ठेलारीही मोबाइलवर बघू शकतो की चराईचा गट कुठला. मला हे फार चांगलं झालं असं वाटतं, भले त्यातून तुमच्या भावासारख्यांची झोप उडो. त्यात शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठी वीज उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी शोधणं सुरू आहे. तुमच्या गावात पाळी आली की गायरान मोजलं जाणारच आणि तेव्हा मोजणी तुमच्या सोयीने होणार नाही. भावाला वाचवायचं असेल तर दुसऱ्या कुणी विचारायच्या आत स्वतः खरं काय ते शोधा.

म्हणजे मोजणी. तुम्ही तहसीलचं नाव घेतलंत, पण मोजायचं काम तहसीलचं नाही, तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाचं आहे. अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन भरता येतो. प्रकार दोन, नियमित आणि द्रुतगती. शुल्क क्षेत्रावर आणि प्रकारावर ठरतं. तुमच्यासारख्याने घाई करून द्रुतगतीचे पैसे भरायची गरज मला दिसत नाही. तारीख आली की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. भूकरमापक आता बहुधा रोव्हर घेऊन येतात. उपग्रहांकडून जागा घेणारं ते यंत्र सेंटिमीटरांत बोलतं, पण तेही जुन्या दगडांना आणि मूळ अभिलेखालाच धरून बोलतं. म्हणून शिवेवरचा दगड झुडपात गाडला गेला असेल तर आधीच मोकळा करून ठेवा. मोजून झालं की हद्दीच्या खुणा दाखवतात आणि नंतर क-प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळते. न्यायालयात आणि महसूल कचेरीत जो कागद चालतो तो हा. महाभूनकाशावरून काढलेली रंगीत प्रत चालत नाही. कचेरीबाहेर कुणी ती लॅमिनेट करून शंभराला विकत असेल तर नमस्कार करून पुढे जा.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. पूर्वेचा बांध मोजा आणि पश्चिमेचा सोडा, असा अर्ज नसतो. गट मोजला की चारही बाजू मोजल्या जातात. नोटीस लगतधारकांना जाते, आणि तुमचा पश्चिमेचा लगतधारक सरकार आहे. गायरानाचं आपणहून सांगावं का, हा तुमचा प्रश्न पूर्वेच्या बांधासाठी अर्ज टाकलात त्याच क्षणी निकाली निघतो. तुमच्या भावाला हे अर्ज भरण्याआधी सांगा, नोटीस हातात पडल्यावर नाही.

मोजणीत पट्टी सरकारची निघाली तर? हिशेब करू. बारा फूट रुंद आणि तुमच्या बांधाची लांबी चारशे फूट धरली तर ४८०० चौरस फूट, साडेचार गुंठ्यांना थोडी कमी. तेवढ्यात कपाशीच्या किती ओळी बसतात ते तुम्हीच सांगा. तेवढ्यासाठी भावाचं सदस्यपद आणि घराची अब्रू पणाला लावू नये. बांध मागे घ्या, मागे घेतल्याचं तलाठ्याला लेखी कळवा, त्याची पोच ठेवा. विहिरीचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे, कारण ती उचलून अलीकडे आणता येत नाही. जुने तगाईचे कागद, वीजजोडणी आणि पाण्यावर अवलंबून असलेली दोन घरं, हे सगळं जोडून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे विनंती अर्ज करावा लागेल, आणि तो मान्य होईलच अशी खात्री कुणी देत असेल तर तो दलाल आहे असं समजा. त्या टप्प्यावर जमीन महसुलाचं काम करणारा चांगला वकील गाठा.

आणि पूर्वेचा बांध खरोखर आत आलेला निघाला तर क-प्रतीच्या आधारे पुढची वाट आहे. हद्दीच्या वादांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १३६ आहे आणि त्या निर्णयाचा परिणाम कलम १३८ मध्ये आहे. मोजणी मान्य नसेल तर चुलतभावाला निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येईल. तो त्याचा हक्क आहे, त्याला आडमुठेपणा म्हणू नका. तोवर बांधाला हात लावायचा नाही. रात्रीत जेसीबी लावून बांध सरळ केल्याच्या गोष्टी आपल्या भागात कौतुकाने सांगतात. पुढच्या तारखा मोजत कोर्टात बसलेल्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

चुलतभावाशी सुरुवात मात्र चुकली. सणाला आलेल्या माणसाने पुरणपोळीनंतर मोबाइल काढून ‘तुझा बांध माझ्यात’ म्हणावं, आणि समोरच्याने शांतपणे ‘बरं’ म्हणावं, अशी अपेक्षा होती का? तो म्हणाला बांध आबांच्या हातचा आहे. तुम्ही ते उडवून लावलंत असं पत्रावरून वाटतं. मला ते महत्त्वाचं वाटतं. जुन्या माणसांनी पाण्याच्या सोयीसाठी, बैलगाडीच्या वळणासाठी किंवा एखादं झाड राखण्यासाठी तोंडी अदलाबदल केल्याचं घराघरांत सापडतं. कागदावर त्याचा मागमूस नसतो. आबांनी बांध तिथे का घातला, हे विचारा. तुमच्याकडच्या आत्या, काकू अजून असतील तर त्यांना आधी. पुरुष बांधाची लांबी सांगतात, बायका तो कुठल्या वर्षी आणि कुणाच्या भांडणानंतर पडला ते सांगतात.

शिवाय त्या विहिरीत त्याची निम्मी पाळी आहे. विहीर गायरानात निघाली तर नुकसान तुमचं एकट्याचं नाही. आज तुम्ही त्याला पूर्वेचा प्रतिपक्ष म्हणून बघताय, पश्चिमेला तोच तुमचा भागीदार आहे. त्याला हेच सांगा: आपण दोघं आपापला गट मोजून घेऊ, तारीख जमली तर एकाच दिवशी, आणि जे निघेल ते दोघांनी पाहायचं. स्क्रीनशॉट भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका. टाकला नसेल तर टाकू नका.

असा नकाशा उघडून बसलेल्या इतरांसाठीही थोडं सांगतो, कारण अशी पत्रं हल्ली बरीच येतात. गाव निवडताना खुर्द-बुद्रुक नीट बघा. आपल्याकडे एकाच नावाची गावं ‘प्र.’ची (कुठल्या प्रगण्यातलं ते सांगणारी) शेपटी लावून शेजारी शेजारी असतात, आणि दुसऱ्याच गावाचा ११२ नंबर बघून भांडायला निघालेले लोकही असतात. सातबाऱ्यावर ११२/१, ११२/२ असे पोटहिस्से दिसतात पण नकाशात अख्खा ११२ एकच, असं असेल तर घाबरू नका. वाटणी कागदावर झाली, मोजून झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या दोन हिश्श्यांमधली रेघ नकाशात नाहीच, मग तिच्यावरून वाद कसला घालता? आधी पोटहिस्सा मोजून घ्या. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त बघण्यासाठी आहे. अर्जाला जोडायचा तर पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा घ्या. गावठाणातल्या घराची हद्द या नकाशात शोधू नका. तिच्यासाठी २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने झालेली मोजणी आणि मिळकत पत्रिका बघा. आणि जमीन विकत घेणाऱ्यांनो, समोरचा मोबाइलवर निळ्या रेघेतला प्लॉट दाखवून बयाणा मागत असेल तर शेजारच्या गटावरही बोट ठेवून मालक बघा. सरकार, वन, गुरचरण यांतलं काही निघालं तर क-प्रत हातात येईपर्यंत पैसे खिशातच ठेवा.

भाऊ, तुमच्यासाठी वेळेचं तेवढं सांगायचं राहिलं. आखाजी झाली, पेरणीपर्यंत शेतं मोकळी आहेत. अर्ज लगेच भरा. तरी तारीख पावसाळ्यात गेली तर उभ्या कपाशीत मोजणी ओढून आणू नका, पुढची तारीख मागा आणि शेत मोकळं झाल्यावर मोजा. त्या दिवशी तुम्ही स्वतः हजर हवेत, भावावर सोडू नका; सुरतहून ताप्ती लाइनच्या गाडीने काही तासांचाच प्रवास आहे. चुलतभावाला नोटीस मिळाली का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. क-प्रत आली की तिच्या नकला काढा, एक तुमच्या भावाला द्या आणि एक चुलतभावाला.